चष्म्याच्या पावतीवर नसलेली ओळ

नव्या चष्म्याची पावती पाहा. फ्रेमची किंमत, काचांची किंमत, कोटिंगचे वेगळे पैसे, त्यावर सूट आणि तळाशी कर. नंबर काढल्याचे, दोन बाहुल्यांमधले अंतर मोजल्याचे, तयार चष्मा नाकाकानावर नीट बसवून दिल्याचे पैसे त्या पावतीवर बहुधा नसतात. असलेच तर पुढे ‘मोफत’ लिहिलेले असते. दुकानाच्या पाटीवरही तेच ठळक अक्षरांत असते: ‘संगणकाद्वारे मोफत नेत्रतपासणी’. यात गिऱ्हाईकही खूश आणि दुकानदारही. पण चष्म्याने नीट दिसणार की नाही हे मुख्यतः या फुकटच्या कामावर ठरते, आणि ज्या कामाचे पैसे कुणी देत नाही ते उरकले जाते. तपासणीचा खर्च फ्रेमच्या नफ्यातून काढायचा असला की तपासणीचा हेतूही हळूहळू फ्रेम खपवणे हाच होतो. चष्म्याबद्दलच्या नेहमीच्या तक्रारी घ्या: नवा चष्मा लावला की डोके दुखते, पायऱ्या उतरताना तोल जातो, प्रोग्रेसिव्हची सवयच होत नाही, शेवटी तो कपाटात पडून राहतो. यातल्या बऱ्याचशा काचेच्या दर्जाच्या नसून मोजमापाच्या असतात. म्हणून मोजमापाला त्याची स्वतःची किंमत मिळाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. ती गिऱ्हाइकाने द्यायची की सरकारने, हा त्यापुढचा प्रश्न.

मोजमापाकडे दुर्लक्ष होते याला जुने कारण आहे. चष्मा हा डोळ्याच्या मोजमापापेक्षा वयाने फार मोठा आहे. इटलीत तो तेराव्या शतकाच्या अखेरीस आला. आपल्याकडे सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या वावराच्या काळात, त्याच्या खुणा दिसू लागतात. विजयनगरच्या व्यासरायांनी पोथी वाचताना चष्मा लावल्याचा उल्लेख त्यांच्या संस्कृत चरित्रात आहे, आणि भारतातल्या चष्म्याच्या इतिहासावर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी टिपणे लिहून ठेवली आहेत. पण अक्षरे ठरावीक मापाने लहान होत जाणारा स्नेलनचा तक्ता आला १८६२ मध्ये, डोंडर्सचा दृष्टिदोषांवरचा पायाभूत ग्रंथ १८६४ मध्ये आणि डायॉप्टर हे एकक १८७२ मध्ये. तोवरची साडेपाचशेहून अधिक वर्षे लोकांनी चष्मा निवडला तो फेरीवाल्याच्या पेटीतून, वयाच्या अंदाजाने, एकेक लावून बघत. रेल्वे स्टेशनाबाहेरच्या गाडीवर आजही तो तसाच निवडला जातो. त्यामुळे चष्मा ही विकत घ्यायची वस्तू आणि नंबर काढणे ही तिच्याबरोबर मिळणारी सोय, ही समजूत घट्ट बसली आहे.

नंबर काढणे म्हणजे नेमके काय, ते जवळून पाहू. संगणक म्हणून जे यंत्र दाखवले जाते ते ऑटोरिफ्रॅक्टर. हनुवटी टेकवायची, आतल्या चित्राकडे पाहायचे, आणि काही सेकंदांत आकड्यांची चिठ्ठी बाहेर येते. यंत्र चांगले आहे. सिलिंड्रिकल नंबरचा पहिला अंदाज ते बऱ्यापैकी देते. पण ती चिठ्ठी म्हणजे कामाची सुरुवात. जवळच्या खिडकीत पाहतो आहोत या भावनेने डोळा आतल्या आत जोर लावतो आणि मायनस नंबर आहे त्यापेक्षा जास्त येतो. लहान मुलांत हे फार होते, कारण त्यांच्या डोळ्यातले नैसर्गिक भिंग लवचिक असते. म्हणून मुलांचा नंबर, निदान पहिल्या खेपेला, बाहुली मोठी करणारे आणि हा जोर सैल करणारे थेंब घालून काढायचा असतो. थेंबांना वेळ लागतो, मूल रडते, पालक घड्याळ पाहतात, आणि मोफत तपासणीत एवढा वेळ बसत नाही. मोठ्यांच्या बाबतीत यंत्रानंतर ट्रायल फ्रेम चढवून एकेक भिंग बदलत ‘हे बरे की हे?’ असे विचारत जावे लागते. एका डोळ्याचे झाले की दुसऱ्याचे, मग दोन्हींचा मेळ, मग हातात वाचायचा कागद देऊन जवळचा नंबर. यात घाई केली तर पाव-अर्ध्या डायॉप्टरची चूक सहज होते. मधुमेह असलेल्यांचे आणखी वेगळे आहे. रक्तातली साखर फार वरखाली होत असेल तर नंबरही हलतो, आणि अशा दिवसांत काढलेल्या नंबराचा चष्मा साखर आटोक्यात आल्यावर चुकीचा ठरतो. साखरेचे काय चालले आहे हा प्रश्न यंत्र विचारत नाही, माणसाला विचारावा लागतो. यंत्र आले आता माणूस कशाला, या आक्षेपाला एवढे उत्तर पुरे आहे.

नंबर अचूक निघाला तरी अर्धेच काम झाले. तो नंबर काचेत कुठे बसवायचा हे दुसरे अर्धे, आणि सर्वांत जास्त हयगय तिथेच होते. प्रत्येक काचेला एक दृष्टिमध्य असतो आणि तो बाहुलीच्या समोर यावा लागतो. दोन बाहुल्यांमधले अंतर, दुकानाच्या भाषेत पीडी, मोठ्या माणसांत साधारण साठ-पासष्ट मिलिमीटरच्या आसपास असते. पण व्यक्तीगणिक ते बदलते आणि नाकाच्या डाव्या-उजव्या बाजूला सारखेच असेल असेही नाही. मध्य चुकला की काच प्रिझमसारखी वागू लागते. हिशेब शाळकरी आहे: सेंटिमीटरमधली चूक गुणिले नंबर. मायनस सहाचा चष्मा असेल आणि दोन काचांच्या मध्यांमधले अंतर पाच मिलिमीटरने चुकले, तर दोन्ही डोळे मिळून तीन प्रिझम डायॉप्टरचा ताण पडतो, म्हणजे एका मीटरवर तीन सेंटिमीटरची ओढाताण. अमेरिकी मानकात या आडव्या प्रिझमची मुभा सुमारे ०.६७ आहे. तीच पाच मिलिमीटरची चूक मायनस एकच्या चष्म्यात झाली तर ताण अर्ध्या प्रिझम डायॉप्टरचा, आणि बहुतेकांना तो कळणारही नाही.

सिलिंड्रिकल नंबरात अक्षाचा कोन असतो, आणि तिथली चूक तर आणखी फसवी. कोन पाच अंशांनी सरकला की सिलिंडरचा सुमारे सतरा टक्के दोष शिल्लक राहतो, दहा अंशांनी सरकला की पस्तीस टक्के. तीस अंशांची चूक झाली तर दोष जितका होता तितकाच पुन्हा उभा राहतो, फक्त दुसऱ्या दिशेला. दोनचा सिलिंडर असलेल्या माणसाला दहा अंशांच्या चुकीने जवळपास ०.७० डायॉप्टर दोष अंगावर घेऊन फिरावे लागते, आणि त्याच्या कार्डावरचा नंबर मात्र बरोबर असतो. त्यात फ्रेमचे बसणे आले. मायनस दहाचा चष्मा नाकावरून पाच मिलिमीटर घसरला तर डोळ्याला पोचणारी त्याची शक्ती एक-तृतीयांश डायॉप्टरहून अधिक कमी होते. नोजपॅड जरा आत दाबणे, काडी कानामागे नीट वळवणे ही पाच मिनिटांची कामे अशा माणसासाठी नंबराइतकीच महत्त्वाची आहेत. पॅरिसमध्ये १९५९ साली आलेल्या व्हॅरिलक्सपासून प्रोग्रेसिव्ह काचांचा प्रवास सुरू झाला. वर लांबचे, खाली जवळचे आणि मधला अरुंद पट्टा संगणकाच्या अंतराचा. या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना धूसरपणा राहणारच, तो गणिताने अटळ आहे. या काचेची खूण बाहुलीच्या समोर यावी म्हणून गिऱ्हाइकाने निवडलेली फ्रेम आधी त्याच्या चेहऱ्यावर बसवून, तो नेहमीसारखा उभा असताना, उंची मोजायची असते. हे न करता केवळ नंबर आणि अंदाजाची पीडी देऊन बनवलेली सर्वांत महागडी प्रोग्रेसिव्ह काच एखाद्या साध्या बायफोकलहून वाईट निघते. मग दुकानात सांगतात, ‘सवय होईल.’

आता पैसे जातात कुठे ते पाहा. अँटिग्लेअर कोटिंगचे पैसे वाया जात नाहीत. साध्या प्लास्टिकच्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे आठ टक्के प्रकाश परत फिरतो आणि चांगले कोटिंग तो बराचसा वाचवते. पातळ काचांचे म्हणजे १.६७ किंवा १.७४ अपवर्तनांकाच्या काचांचे तसे नाही. मोठ्या मायनस नंबराला त्या खरोखर उपयोगी आहेत, पण दोन-अडीचच्या नंबराला त्या खपवणे ही निव्वळ विक्री आहे. उलट अशा काचांत कडेला रंगांच्या किनारी दिसण्याचा दोष साध्या काचेपेक्षा जास्त असतो. काच पातळ हवी असेल तर लहान आणि गोलसर फ्रेम घेणे हा स्वस्त उपाय, पण तो सांगून दुकानाचे काही भले होत नाही. ब्ल्यू-कटचा प्रकार तर सरळ आहे. मोबाइल आणि संगणकाच्या निळ्या प्रकाशाने डोळे थकतात म्हणून ही काच घ्या, असे सर्रास सांगितले जाते. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात सतरा यादृच्छिक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. संगणकावर काम करताना येणारा डोळ्यांचा थकवा या काचांनी निदान अल्पकाळात कमी होतो असे दिसले नाही. गिऱ्हाईक ज्याचे पैसे आनंदाने देते त्याचा पुरावा कच्चा, आणि ज्याचे पैसे देत नाही त्याचा हिशेब पक्का.

या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप तयार चष्म्यांचा आहे. मोजमाप इतके महत्त्वाचे असेल तर गाडीवरची प्लस दीडची चाळिशी लावून लाखो माणसे सुखाने पेपर कशी वाचतात? आक्षेप खरा आहे, आणि तो मान्य करायला हवा. चाळिशीनंतर जवळचे धूसर होणे हा जवळजवळ सर्वांना, दोन्ही डोळ्यांत बहुधा सारखाच येणारा बदल आहे. पंचेचाळिशीला एक-दीड, पन्नाशीला दोन, साठीला अडीच, असा ढोबळ हिशेब त्याला चालतो. नंबर लहान असल्याने मध्य थोडा चुकला तरी प्रिझमचा ताण मामुली. असा चष्मा न मिळाल्याने किती बिघडते याचे पुरावेही भक्कम आहेत. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचा चष्मा देऊन पाहिले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी, न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे बावीस टक्क्यांनी जास्त वाढली. औषधांच्या इतक्या चाचण्या होतात, पण एवढ्या स्वस्त उपायाचा एवढा परिणाम क्वचितच दिसतो. तेव्हा ज्याला लांबचे स्वच्छ दिसते आणि फक्त जवळचे अडते, त्याला किराणा दुकानातही चाळिशी मिळावी. त्याला तपासणीची सक्ती करणे म्हणजे त्याला चष्म्याशिवाय ठेवणे होईल. डोळ्याच्या आतला दाब, मोतीबिंदू, मधुमेहाचा पडद्यावरचा परिणाम हे त्यामुळे न तपासलेले राहील, ही भीती रास्त आहे. पण चष्मा अडवून ठेवल्याने माणूस तपासणीला येतो असे नाही.

मात्र तयार चष्म्यांचा दाखला पुढे ताणताना जपायला हवे. बंगळूरजवळच्या शाळांत अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तयार आणि नंबराप्रमाणे बनवलेले असे दोन प्रकारचे चष्मे दिले गेले. तीन-चार महिन्यांनी पाहिले तर दोन्ही गटांत सुमारे तीन-चतुर्थांश मुले चष्मा वापरत होती, फरक जवळपास नव्हताच. तयार चष्मे चालतात याचा पुरावा म्हणून ही चाचणी सांगितली जाते, आणि ती आहेही. पण त्यात मुले निवडली कशी? प्रत्येकाचा नंबर आधी नीट काढला गेला. दोन्ही डोळ्यांत फार फरक नाही, सिलिंडर मोठा नाही, तयार फ्रेम चेहऱ्याला बसते, हे पाहून मगच त्यांना या चाचणीत घेतले. स्वस्त वस्तू पुरेल की नाही हे मोजमापानेच ठरवले होते. खर्च वाचला तो काचेवर. मोजणाऱ्या माणसावर वाचला नाही.

दुसरा आक्षेप गरिबांचा: तपासणीचे पैसे लावले तर लोक तपासणीच करणार नाहीत. इथे दोन प्रकारच्या फुकटात फरक करायला हवा. ग्रामीण रुग्णालयातला नेत्रचिकित्सा अधिकारी नंबर काढून देतो तेही मोफत आणि मॉलमधल्या दुकानात काढतात तेही मोफत. पण पहिल्याचा पगार करातून दिलेला आहे. नंबर निघाला नाही तरी त्याचे काही बिघडत नाही. दुसऱ्याचा पगार तुमच्या फ्रेममधून निघायचा असतो. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि शाळकरी मुलांना मोफत चष्मे देणे हा त्याचा भाग आहे. या पहिल्या प्रकारच्या फुकटावर जितका खर्च वाढेल तितका वाढावा. ज्याच्यावर भरवसा ठेवू नये ते म्हणजे एका दिवसात शेकड्यांनी माणसे तपासणारे शिबिर. मंडप, पुढाऱ्याच्या फोटोचा फलक, ओळीत बसलेले म्हातारे, आणि संध्याकाळच्या बातमीत वाटलेल्या चष्म्यांचा आकडा. किती चष्मे वाटले हे तिथे मोजतात. त्या चष्म्यांनी किती जणांना नीट दिसले हे मोजत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने आता नेमके तेच मोजायला घेतले आहे. २०२१ मध्ये सदस्य देशांनी २०३० पर्यंतचे जे उद्दिष्ट मान्य केले ते चष्म्यांच्या संख्येचे नाही; ज्यांना गरज आहे त्यांपैकी किती जणांना आपल्या चष्म्याने चांगले दिसते, ते प्रमाण चाळीस टक्के-बिंदूंनी वाढवायचे आहे. लांबचे न दिसणाऱ्यांपैकी योग्य चष्मा मिळालेले लोक जगात संघटनेच्या हिशेबाने छत्तीस टक्केच आहेत. शिबिरांच्या आयोजकांनी पुढच्या खेपेला, सहा महिन्यांनी परत जाऊन, हा हिशेब मांडून दाखवावा.

तिसरा आक्षेप बाजाराचा आहे आणि तो ऐकण्याजोगा आहे. साखळी दुकाने आणि ऑनलाइन विक्रीमुळे फ्रेमच्या किमती उतरल्या, तालुक्याच्या गावात निवड मिळू लागली, तरुणांना चष्म्याची लाज वाटेनाशी झाली. हे सगळे झाले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, त्यानेही वस्तू स्वस्त झाली. पण वस्तू स्वस्त झाल्याने मोजमाप सुधारत नाही. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑनलाइन विक्रेत्यांकडून दोनशे चष्मे मागवले. हाती आलेल्या १५४ पैकी सुमारे पंचेचाळीस टक्के चष्मे नंबर किंवा सुरक्षितता यांपैकी निदान एका कसोटीत नापास झाले. अभ्यास जुना आहे, परदेशातला आहे, आणि यंत्रे त्यानंतर सुधारली आहेत. तरी बाहुलीचे अंतर फोटोवरून काढायचे आणि फ्रेम न बघता उंची ठरवायची ही अडचण तशीच आहे. यावर ऑनलाइन बंद करा, हा उपाय नाही. अमेरिकेने १९७८ मध्येच नियम केला की तपासणी झाली की नंबराचा कागद, न मागता, रुग्णाच्या हातात द्यायचा; काचा त्याने कुठूनही घ्याव्यात. अशाने तपासणी आणि विक्री यांची गाठ सुटते. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टना संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांत जागा दिली आहे. चार वर्षांची पदवी घेतलेल्या या मंडळींनी केवळ काउंटरमागचे विक्रेते होऊन राहायचे नसेल, तर त्यांच्या कामाला स्वतंत्र शुल्क हवे. साध्या, लहान नंबरासाठी मग ऑनलाइन खुशाल घ्यावा. मोठा नंबर, मोठा सिलिंडर, प्रोग्रेसिव्ह आणि लहान मूल या चार बाबतींत मात्र समोरासमोर मोजणाऱ्याला पर्याय नाही.

मुलांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती घरोघरी चुकते. चष्मा सतत लावला तर नंबर वाढतो, म्हणून थोडा कमी नंबर द्या किंवा शाळेपुरताच लावू द्या, असे आईवडील सांगतात आणि काही चष्मेवाले मान डोलावतात. मलेशियात नऊ ते चौदा वर्षांच्या चौऱ्याण्णव मुलांवर दोन वर्षे चाललेल्या चाचणीत मुद्दाम कमी नंबर दिलेल्या मुलांचा मायनस पूर्ण नंबर दिलेल्यांपेक्षा जास्त वाढला. मुलाला पूर्ण नंबर द्यावा, दिवसाचे काही तास उजेडात, घराबाहेर खेळू द्यावे, आणि वर्षातून एकदा तरी नंबर पुन्हा तपासून घ्यावा.

तेव्हा पुढचा चष्मा करायला जाल तेव्हा तपासणीचे वेगळे पैसे मागणाऱ्या दुकानातून महाग म्हणून उठू नका. नंबराचा कागद मागून घ्या आणि त्यावर पीडीही लिहून घ्या. बनून आलेल्या चष्म्याचा नंबर आणि मध्य लेन्सोमीटरवर मोजून दाखवायला सांगा. मिनिटभराचे काम आहे. हे मागितल्यावर जो कपाळाला आठी घालेल, त्याच्याकडून कितीही सवलतीत मिळाला तरी चष्मा घेऊ नका.